हातोडा पडल्यावर

रात्रीचे साडेअकरा. बँक्सीच्या 'डिव्हॉल्व्ड पार्लमेंट'चं छायाचित्र अजून समोर उघडंच आहे. हाऊस ऑफ कॉमन्सचे हिरवे बाक आणि त्यांवर दाटीवाटीनं बसलेले चिंपांझी. रंगवणं इतकं जुन्या वळणाचं, इतकं गंभीर, की पहिल्या नजरेत ते सभ्य खासदारच वाटतात.

कॅनव्हासवरचं हे तैलचित्र चार मीटरहून रुंद. 2009 मध्ये ब्रिस्टलच्या संग्रहालयात लागलं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. मग ते एका संग्राहकाकडे गेलं. ऑक्टोबर 2019 मध्ये, ब्रेक्झिटचा घोळ ऐन भरात असताना, लंडनला सदबीज्‌मध्ये लिलावाला आलं. अंदाज 15 ते 20 लाख पौंडांचा. तेरा मिनिटं बोली चढत राहिली आणि हातोडा पडला. खर्चासकट आकडा जवळजवळ 99 लाख पौंड!

मला आकड्याचं दुःख नाही. चित्रकारानं विकावं, पोट भरावं. (त्या रात्री विकणारा बँक्सी नव्हता, तो संग्राहक होता.) पण जे चित्र सगळ्या मतदारांना उद्देशून आहे, ते एकाच्या भिंतीवर जावं, हे मला सोसत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ते ब्रिस्टलला पुन्हा लावलं होतं, कुणीही समोर उभं राहून पाहावं असं. तीच त्याची जागा.

2009 नंतरच्या मधल्या काळात बँक्सीनं त्यात फेरफार केले होते. सभागृहातले पेटलेले दिवे विझवले. एका चिंपांझीच्या हातातलं केळं वर वळलेलं होतं, ते खाली वळवलं. ते विझलेले दिवे मी आज बराच वेळ बघत बसले.