डावं, उजवं आणि बाबा

१९३१ ची गोष्ट. लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला. पडद्यावरचा नट या टोकाकडून त्या टोकाला चालतोय आणि आवाज मात्र आपला एकाच जागेवरून येतोय! साहेब वैतागले. घरी येऊन आपण-तुपण झोपलो असतो, याने त्याच डिसेंबरात पेटंटचा अर्ज टाकला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत त्याने मोझार्टची जुपिटर सिंफनी स्टिरिओत रेकॉर्डही केली. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. स्टिरिओ रेकॉर्ड्स बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून.

हे सगळं मी का वाचत बसलो? तर चार वर्षांपूर्वी बाबांचा उजवा कान गेला. अचानक, एका रात्रीत. औषधं झाली, पण ऐकू काही आलं नाही.

बाबा कॉलेजपासूनचे बीटल्सवाले. 'रबर सोल' (१९६५) त्यांचा जीव की प्राण. एकदा हेडफोन लावून बसले आणि म्हणाले, "अरे, गाणारे कुठे गेले?" त्या काळच्या स्टिरिओत बऱ्याच गाण्यांत वाद्यं डावीकडे आणि गळे उजवीकडे टाकलेत. म्हणजे बाबांच्या वाट्याला नुसता ऑर्केस्ट्रा!

उपाय सोपा निघाला. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू केलं. डावं अधिक उजवं, दोन्हीकडे तेच.

गंमत म्हणजे ही बेरीज स्टिरिओच्या मुळातच आहे. रेकॉर्डच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल. सुई आडवी हलली की बेरीज, उभी हलली की वजाबाकी. एफएमचंही तेच. मुख्य सिग्नल बेरजेचा, वजाबाकी वेगळी पाठवतात. स्टिरिओ रेडिओ दोन्हींवरून डावं-उजवं सोडवतो, साधा मोनो रेडिओ मुकाट बेरीज वाजवतो. कोणाचंच गाणं अर्धवट राहत नाही. आपण ज्याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणून मिरवतो ना, ती ही :)

पण सेटिंग फक्त फोनला असतं, रस्त्याला नाही. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो, फार तर ०.७ मिलिसेकंद. या एवढ्याशा फरकावर, आणि कमी-जास्त मोठेपणावर, मेंदू दिशा ठरवतो. बाबांना रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, पण कुठून ते कळत नाही. भर चौकात ते थबकतात. म्हणून हल्ली मी त्यांच्या उजव्या बाजूने चालतो.

असो. तुमच्यापैकी कोणी ॲप लिहीत असाल, तर महत्त्वाचा आवाज एकाच चॅनलमध्ये टाकू नका. पलीकडे कोणाचा कोणता कान चालू आहे, आपल्याला काय माहीत?