सेल्फ मारू नको, थांब

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. टेंभुर्णीत आमच्या घरासमोर पेरूचे क्रेट भरून ४०७ उभी, अण्णा स्टिअरिंगवर, आणि गाडी काही केल्या सुरू होईना.

ज्यांना ४०७ माहीत नाही (हिंजवडीत अशी माणसं भेटतात!) त्यांच्यासाठी: टाटांनी १९८६ मध्ये काढलेला हा छोटा ट्रक. तेव्हा जपानी कंपन्यांच्या साथीने आलेले चार-चार छोटे ट्रक बाजारात होते, त्या गर्दीत हा टिकला. आमचा २००३ सालचा. माझी इंजिनिअरिंगची फी ह्याच ट्रकने भरली, त्यामुळे त्याच्याबद्दल मी फार तटस्थ लिहू शकणार नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी मोठा बाजार. म्हणजे शनिवारी रात्री निघायचं आणि पहाटे गुलटेकडीला पोचायचं. टेंभुर्णीहून सोलापूर हायवेने दीडशे किलोमीटरच्या वर अंतर, भरल्या गाडीला चार तास धरा. पिकायला आलेला पेरू कोणासाठी थांबत नाही. आणि माल आमचा नव्हता. अण्णांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा होता, आणि त्याच्या शेजाऱ्याने नुकतीच नवी पिकअप घेतली होती. एक खाडा झाला की पुढच्या शनिवारी फोन कोणाला जाणार हे सांगायला नको.

"अण्णा, उतरा. मी बघतो." आपण (म्हणजे मी) इंजिनिअर ना!

चावी फिरवली. इंजिन जोरात फिरलं, पण पकडलं नाही. परत फिरवली. मग अर्धा मिनिट धरून ठेवली. तोवर शेजारपाजारचे जमले होते. एक म्हणाला धक्का मारू. दुसरा म्हणाला, थंडी आहे, हवेच्या फिल्टरपाशी पेटता काकडा धरा, आमच्या वेळी असंच करायचे. मी मोबाईल काढून व्हिडिओ शोधायला लागलो.

"सेल्फ मारू नको, थांब," अण्णा म्हणाले. "बॅटरी बी घालवशील अन् सेल्फ बी जाळशील. काकडा-बिकडा काय नको. तिला एका टायमाला एकच गोष्ट इचार."

आता इथे जरा टेक्निकल होतो. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो, साधारण सोळा ते वीस पट, की त्या दाबानेच ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेटतं. म्हणजे जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा जोरात फिरलं पाहिजे, हवा मिळाली पाहिजे, डिझेल मिळालं पाहिजे. सेन्सर नाही, एरर कोड नाही. लॉग एकच, सायलेन्सरचा धूर. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही आला तर डिझेल पोचतच नाही.

अण्णांनी मला मागे सायलेन्सरपाशी उभं केलं आणि पाचेक सेकंद सेल्फ मारला. "धूर?" "नाही." "मग बॅटरीचं नाव काढू नको."

हे वाक्य मला बरोबर लागलं. त्याचं कारण सांगतो.

त्याआधी दोन आठवडे अण्णांचा फोन आला होता. "सकाळी जरा जास्त सेल्फ घ्यायला लागलीया गाडी. दिवसभर काय नाय, रात्रभर थांबली की मग." मी मीटिंगमध्ये होतो. "बॅटरी गेली असेल अण्णा, नवीन टाका," म्हणालो आणि तिथल्या तिथे मोबाईलवरून पैसे पाठवले. तिकीट क्लोज्ड. एखाद्या युजरने इतका नेमका बग रिपोर्ट दिला असता, कधी होतं, कधी होत नाही, किती वेळ थांबल्यावर होतं, तर मी त्याला दुवा दिली असती. पण रिपोर्ट देणारे वडील होते, म्हणून मी शेवटचं वाक्य नीट ऐकलंच नाही. नवी बॅटरी आली आणि दुखणं तिथेच राहिलं.

असो. अण्णांनी स्टॉपची केबल आत गेली आहे का ते पाहिलं (ती बाहेर अडकली तर पंप डिझेल सोडत नाही), टाकीत काठी घालून तेल बघितलं. दोन्ही ठीक. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल केला आणि मला फीड पंपाचं बटण हाताने दाबायला लावलं. स्क्रूपाशी डिझेल यायला हवं होतं. आला नुसता फेस. बुडबुडे, बुडबुडे आणि बुडबुडे.

"हवा घेतीया. आता कुठनं घेतीया ते बघ."

मी टॉर्च घेऊन गळती शोधायला लागलो. सगळं कोरडं ठणठणीत! तेव्हा अण्णांनी सांगितलं ते मला चार वर्षांच्या डिग्रीत कोणी सांगितलं नव्हतं. टाकी खाली, पंप वर. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या भागात फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळतीचा डाग कुठेच दिसत नाही. दिवसभर पंप कसंबसं निभावून नेतो. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि सकाळी पाइपात हवा. "रात्रभर थांबली की मग" ह्याचा अर्थ हा होता. त्या शनिवारी गाडी दुपारपासून उभीच होती.

फीड पंपाच्या तोंडाशी एक पोकळ बोल्ट असतो, त्याच्या आत जाळी असते आणि दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. अण्णांनी तिथे बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

दिवाळीत ती जाळी साफ करायला मीच खोलली होती. व्हिडिओ बघून. आणि जुनेच वॉशर परत लावले होते. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. आमच्या धंद्यात गिट ब्लेम नावाची कमांड असते, प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी. ती चालवावी आणि समोर आपलंच नाव यावं, तसं झालं :-)

रात्री बारा वाजता नवे वॉशर आणायचे कुठून? अण्णांनी दोन्ही वॉशर पुसले, स्वयंपाकघरात गेले, गॅसवर चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवले आणि पाण्याच्या भांड्यात टाकले. ("माझा भाकरीचा चिमटा तेवढा परत आणा," आई.) तांबं असं तापवलं की पुन्हा मऊ होतं. ह्याला अनीलिंग म्हणतात. मटेरियल सायन्सच्या पेपरात मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. अण्णांनी तो शब्द कधी ऐकला नसेल.

वॉशर बसवले, बटण दाबत राहिलो. फेस, मग फेस आणि डिझेल, मग नुसतं डिझेल. स्क्रू घट्ट केला. अण्णांनी सेल्फ मारला. एक पांढरा ढग आला, इंजिन अडखळलं आणि मग पकडलं.

निघायला साडेबारा झाले. मी बरोबर गेलो. यार्डात पोचलो तेव्हा आमच्या पुढे गाड्यांची रांग लागलेली होती. पेरू विकला गेला, थोडा कमी भावाने. त्या शेतकऱ्याला अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, "गाडीत हवा धरली होती." कोणी धरवली ते सांगितलं नाही.

रस्त्यात भिगवणला चहाला थांबलो तेव्हा इंजिन बंद करायची मला भीती वाटत होती. अण्णांनी खुशाल बंद केलं.

मग चहाचा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "बॅटरी वाया नाय गेली. जुनी बी म्हातारी झालीच होती." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला कळलं.

सोमवारी नवे वॉशर पाठवले. आणि आता अण्णांचा फोन आला की मी आधी लॅपटॉपची स्क्रीन खाली करतो, आणि विचारतो: कधीपासून? कधी होतं? कधी होत नाही? गेल्या आठवड्यात ते म्हणाले, जिना चढताना जरा दम लागतोय.

ह्या वेळी मी पैसे पाठवले नाहीत. उद्या सकाळची एसटी पकडतोय.