गेट नंबर तीन

आमच्या होस्टेलमध्ये दोनच प्रकारचे प्राणी आहेत. एक रात्री झोपणारे आणि दुसरे टारकोव्ह खेळणारे. मी पहिल्या कळपातला. थर्ड इयरला रूमपार्टनर बदलला आणि कळपही बदलला.

सर लोकांसाठी थोडक्यात सांगतो. 'एस्केप फ्रॉम टारकोव्ह' हा रशियातल्या कंपनीने केलेला बंदुकीचा गेम. 2017 पासून बीटामध्येच होता, पूर्ण रूपात आला 15 नोव्हेंबर 2025 ला. यात मेलं की अंगावरचं जवळपास सगळं जातं. बंदूक, जॅकेट, औषधं, सगळं! पॉज नाही, सेव्ह नाही. समोरून गोळी मारणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच कुठल्यातरी होस्टेलवर जागत बसलेला खराखुरा माणूस असतो.

आमचा घोडा अडला होता 'डिलिव्हरी फ्रॉम द पास्ट' या टास्कवर. कस्टम्स नावाच्या नकाशात एका साहेबाचं ऑफिस. त्याची किल्ली मिळवायची, आतली कागदपत्रं घ्यायची आणि जिवंत बाहेर पडायचं. मग फॅक्टरी नावाच्या दुसऱ्या नकाशात ती लपवायची आणि तिथूनही जिवंत निघायचं. मधे मेलात तर कागद गेले, पुन्हा पहिल्यापासून. फॅक्टरी म्हणजे एवढीशी जागा, दर कोपऱ्यावर कोणीतरी दबा धरून. आम्ही अकरा वेळा मेलो. त्यातल्या चार वेळा गेट नंबर तीनच्या तोंडाशी, म्हणजे बाहेर पडायचं दार समोर दिसत असताना! एकदा तर होस्टेलची लाईटच गेली. 2920 मेगावॅटचं वीज केंद्र ज्या शहरात, तिथे आम्ही अंधारात बसून राउटरकडे बघतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लॅपटॉप आणि अकाउंट पार्टनरचं. तो नागपूरचा. पण माउस माझ्या हातात, कारण त्याचा एक सिद्धांत होता : "तू गडचिरोलीचा ना बे, तुला तर हे सवयीचं असेल!" मी हसलो होतो. एक मात्र खरं, मला पावलं लवकर ऐकू यायची. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसाला पाचोळ्यावरचा आवाज रानडुकराचा की माणसाचा, हे शिकवावं लागत नाही.

माझं गाव धानोरा तालुक्यात. घरात रेंज नाही. आई रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर जाते, तिथून फोन लावते, जेवलास का विचारते आणि उतरते. दोन मिनिटांचं बोलणं, पण त्यासाठी जाऊन येऊन अर्धा तास, तोही वाघाच्या मुलखात. हा हिशोब मी तोपर्यंत कधी केला नव्हता.

बाराव्या खेपेला कागद खिशात होते. फॅक्टरीत शिरलो, ठेवले. आता फक्त निघायचं. तेवढ्यात फोन वाजला. आई. एका हाताने उचलला, "एक मिनिट हं आई" म्हणालो, आणि हेडफोनची पिन निघाली. रूमभर धाडधाड गोळ्या! वरून पार्टनर जिवाच्या आकांताने ओरडला, "मेला रे! डोक्यात लागली, मेला!"

फोन कट.

लगेच परत लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दहा मिनिटांनी तेच, रात्री बारालाही तेच. पार्टनर म्हणाला, "अबे, समजलं असेल त्यांना, गेम आहे." त्याच्या आईला समजलं असतं. माझ्या आईने ज्या काळात संसार केला, तेव्हा रात्री असा आवाज आला की दिवा विझवायचा आणि पोरांना भिंतीला लावून निजवायचं, एवढंच करता यायचं. आवाज पोलिसांचा की दादा लोकांचा, हे सकाळी कळायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, पेपरात पानभर फोटो आले. पण कानातला आवाज काही शरण येत नाही.

झोप नाहीच. दुसऱ्या दिवशी साडेअकराला वॉचमन काका दारात. "खाली ये. तुझी आई आली आहे."

पहिल्या एसटीने निघाली होती. धानोरा, गडचिरोली, मूल, चंद्रपूर. हातात पिशवी. मला पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला, कानामागेही बघितलं. बोलली काहीच नाही. रडलो मीच.

रेक्टर सरांनी अर्धा तास रूमवर जायची परवानगी दिली, त्यांचे आभार. पार्टनर बिचारा पलंगावरचे कपडे कोंबत उभा. आई म्हणाली, "दाखव बरं, कुठी चालली गोळी?"

गेम लावला. ती खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिली. मोठमोठ्या इमारती, फुटलेल्या काचा, उघडी दारं, गंजलेल्या गाड्या. मी सांगत होतो, हे कस्टम्स, हे ते साहेबाचं ऑफिस, इथून कागद घ्यायचे.

"इथचे लोक कुठी गेले?" तिने विचारलं.

"कोणते लोक?"

"एवढी घरं हायेत. रायनारे असतीलच ना."

गेमच्या कथेत आहे तसं, लढाई सुरू झाली आणि शहर सोडून लोक पळाले. मला ते माहीत होतं. पण शेकडो वेळा त्या दारांतून शिरताना कपाटात काय सापडतं एवढंच मी पाहिलं होतं.

"गेले गाव सोडून," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला. पार्टनरला आधी वाढलं.

तीनच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "उद्या टेकडीवरून करतो फोन."

दुसऱ्या दिवशी सातपासून पार्टनर हेडफोन घालून तयार. "चल ना बे, लॉबी रिकामी आहे." मी म्हटलं, थांब. आठला दहा कमी असताना फोन आला. जेवलास का. जेवलो. तू उतर आता, अंधार पडला.

मग खेळलो. कागद घेतले, फॅक्टरीत ठेवले, आणि गेट नंबर तीनपाशी पुन्हा मेलो.