माझं पात्रच तसं आहे!

टेबलावर नकाशा पसरलेला. पेन्सिली, खोडरबर, वेफर्सची वाटी आणि मधोमध वीस बाजूंचा फासा. खेळातल्या टोळीने जंगलात एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, पकडला आहे. त्याच्या साथीदारांनी गावातली मुलं पळवली आहेत आणि ती कुठे लपवली आहेत हे त्या गॉब्लिनला ठाऊक आहे. योद्ध्याची भूमिका करणारा म्हणतो, "मी त्याचं एक बोट छाटतो. मग बघू कसा बोलत नाही!" समोरच्या मुलीचा चेहरा उतरतो. कोणीतरी विचारतं, "अरे, आपण चांगल्या बाजूचे ना?" योद्धा खांदे उडवतो. "मी काय करू? माझं पात्रच तसं आहे."

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या कुठल्याही मंडळीला हे वाक्य नवं नाही. ख्रिस्ती माणसाने हे खेळ कसे खेळावेत, या प्रश्नाची खरी गाठही इथेच आहे. गंमत अशी की अमेरिकेत या खेळांवरून वर्षानुवर्षं जे रण माजलं, त्यात या वाक्याचा फारसा विचारच झाला नाही. भांडण झालं ते पुस्तकातल्या सैतानांवरून आणि मंत्रतंत्रांवरून.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो निघाला. एक जण 'डंजन मास्टर' होऊन जग उभं करतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन वावरतात. जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते. या खेळात पहिल्यापासून 'क्लेरिक' नावाचा धर्मगुरू आहे आणि त्याची कितीतरी सामर्थ्यं थेट बायबलमधून उचललेली आहेत: काठ्यांचे साप करणं, कीटकांची धाड आणणं, मेलेल्याला उठवणं. जो खेळ पुढे सैतानी ठरवला गेला, त्याच्या नियमांत मोशे आधीपासून बसलेला होता.

१९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाच्या भूमिगत वाफनळ्यांच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळत असताना हरवला, अशी आवई उठली. मुलगा मुळात निराशेने ग्रासलेला होता आणि जीव देण्याच्या इराद्याने बोगद्यात उतरला होता, हे पुढे बाहेर आलं. तोवर कथा पसरली होती. १९८१ मध्ये त्याच कथेवर बेतलेली रोना जॅफी यांची कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरचा दूरदर्शनपट. त्यात तरुण टॉम हँक्स होता. १९८३ मध्ये मुलाच्या आत्महत्येने कोलमडलेल्या आणि तिचं खापर या खेळावर फोडणाऱ्या पॅट्रिशिया पुलिंग यांनी त्याविरुद्ध संघटना उभारली. १९८४ मध्ये जॅक चिक यांची 'डार्क डंजन्स' ही चित्रपुस्तिका आली. तिच्यात खेळातलं पात्र मेलं म्हणून एक मुलगी गळफास घेते. १९९० मध्ये मायकेल स्टॅकपोल यांनी पुलिंग यांच्या दाव्यांची एकेक करून चिरफाड केली, पण त्याआधीच १९८९ च्या नव्या आवृत्तीतून प्रकाशकांनी 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द काढून टाकले होते. राक्षस पुढे परतले ते निराळ्या नावांनी. पाटी बदलली, दुकान तेच.

याच काळात काही ख्रिस्ती मंडळींनी वेगळी वाट धरली. समाजसेवेच्या क्षेत्रातल्या डिक वुल्फ यांचा 'ड्रॅगनरेड' १९८४ चा. त्यात पात्राची ताकद पवित्र आत्म्याच्या फळांत मोजली जाते: प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, आत्मसंयम. संकटात विशेष सामर्थ्य हवं असेल तर खेळाडूने बायबलमधलं ठरलेलं वचन तोंडपाठ म्हणून दाखवायचं. कल्पना प्रामाणिक आहे आणि वचनं पाठ करून घ्यायला तर नामी. पण वचन घडाघडा म्हणणारा मुलगा शेजारच्या मुलीला पूर्ण संध्याकाळ बोलूच देणार नाही, ही शक्यता कोणत्याही नियमपुस्तकाला बुजवता येत नाही.

त्यापेक्षा ट्रेसी हिकमन यांचं काम अधिक शिकवून जातं. हिकमन लॅटर-डे सेंट्स पंथाचे; तरुणपणी इंडोनेशियात मिशनरी म्हणून राहिलेले. एकदा खेळताना एका अंधाऱ्या भुयारात त्यांना व्हॅम्पायर आडवा आला, काही कारण नसताना. हा इथे करतो काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यातून त्यांनी आणि पत्नी लॉरा यांनी १९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस, म्हणजे खेळायची तयार कथा, रचलं. त्यातला स्ट्राड हा सरदार भावाच्या वधूवर डोळा ठेवतो, भावाला मारतो आणि व्हॅम्पायर होतो. म्हणजे राक्षस काढून टाकायचा नाही. तो राक्षस कसा झाला ते दाखवायचं. कृत्याला परिणाम हवा, हा धडा हिकमन यांनी पुढे खेळातल्या नीतीवर लिहितानाही धरून ठेवला.

आता त्या गॉब्लिनकडे येऊ. नवखा डंजन मास्टर इथे दोन चुका करतो. एक तर फासा टाकायला लावून, आकडा चांगला आला की माहिती देऊन टाकतो. म्हणजे छळाला बक्षीस. किंवा मग खेळ थांबवून प्रवचन झोडतो. मुरलेला माणूस गॉब्लिनला नाव देतो. तो गॉब्लिन वेदना थांबाव्यात म्हणून सुचेल ते बरळतो. टोळी चुकीच्या गुहेत जाते आणि रात्र फुकट जाते. त्यांनी काय केलं ते पुढच्या गावात आधीच पोचलेलं असतं. सरायवाला दार उघडत नाही. योद्धा खेळणाऱ्याला कोणी एका शब्दाने बोललेलं नाही. तरी पुढच्या वेळी तो छाटण्याआधी विचार करतो. संदेष्टा नाथानाने दावीद राजाला गाठलं ते गोष्टीनेच: श्रीमंताने गरिबाची एकुलती कोकरी हिरावली, निवाडा कर. राजाने निवाडा दिला आणि आपल्याच जाळ्यात सापडला.

"पण नट नाही का खलनायक करत?" असं यावर कोणी म्हणेल. निळू फुले पडद्यावर आले की खेड्यापाड्यांतल्या बाया बोटं मोडायच्या; माणूस मात्र राष्ट्र सेवा दलात वाढलेला, चळवळीतला. मग खेळात क्रूर पात्र केलं म्हणून काय बिघडलं? बिघडत नाही, पण एक फरक आहे. नटाची वाक्यं लेखकाने लिहिलेली असतात. या खेळात संहिता नाही. बोट छाटायचं हे पात्राला सुचत नाही, खेळाडूला सुचतं, आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी सुचणं शक्य असतं. पात्राच्या आड लपायला इथे जागाच नाही.

भारतातल्या ख्रिस्ती खेळाडूपुढे आणखी एक पेच असतो. १९८० च्या 'डेटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात इंद्र, काली, विष्णू यांना चिलखताचे आणि प्राणांचे आकडे लावलेले आहेत, म्हणजे ढाल-तलवार घेऊन त्यांच्याशी भिडता येईल असे. ख्रिस्ती देवाला मात्र त्या पुस्तकात आकडे नाहीत. टेबलाभोवती हिंदू मित्र बसलेले असताना त्यांच्या देवाला हल्ल्याचं लक्ष्य करणं हा शेजारधर्म नव्हे. ज्याला आपला प्रभू असा वापरलेला खपणार नाही, त्याने दुसऱ्याची श्रद्धाही टेबलाबाहेर ठेवावी.

काल्पनिक देवाची प्रार्थना करणारं पात्र ज्याच्या मनाला पटत नाही, त्याने योद्धा घ्यावा, चोर घ्यावा. देवळं आणि पूजाविधी जवळजवळ गाळूनही जग श्रद्धेने भरलेलं ठेवता येतं, हे कल्पनारम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या, श्रद्धाळू कॅथलिक टोल्किन यांनी दाखवलंच आहे. 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये पत्ते मांडून भविष्य सांगणारी बाई आहे आणि तेही काहींना खटकेल. पण तिचे पत्ते खरं तर महत्त्वाच्या वस्तू कुठे दडल्या आहेत हे आणि असंच काही ठरवतात. ते आधीच घरी फासा टाकून ठरवलं तर खेळाचं काही अडत नाही.

करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय या टेबलावर फार उपयोगी पडतो. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, हा तिथला वाद. मूर्तीत काही नाही हे पौल मान्य करतो, आणि तरीही ज्याचं मन त्याने अडखळतं त्याच्यासाठी आपला हक्क सोडायला तयार होतो. आजच्या खेळाडूंकडे याच वृत्तीचं एक साधन आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेलं 'एक्स-कार्ड' म्हणजे टेबलाच्या मध्यावर ठेवलेला, फुलीचं चिन्ह काढलेला कागद. कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडायचा. कारण विचारायचं नाही. त्या उतरलेल्या चेहऱ्याच्या मुलीला भाषण करावं लागत नाही. काय दाखवायचंच नाही आणि काय पडद्याआड ठेवायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घेण्याची पद्धतही आता सर्रास आहे.

बाकीचे नियम साधे आहेत. शनिवारी रात्री दोनपर्यंत चाललेला खेळ रविवारची उपासना खातो, तेव्हा वेळ आधी ठरवावी. मुलं शाळकरी असतील तर आईवडिलांना कळवावं. पुस्तकं, फासे, पुतळे यांवर पैसे उडायला वेळ लागत नाही, म्हणून खिशाकडे लक्ष असावं.

आणि मंडळीतले पाळक, युवकगटाचे पुढारी, पालक यांना एक विनंती. परवानगी द्यायची की बंदी घालायची, हे मुखपृष्ठावरच्या राक्षसाकडे बघून ठरवू नका. एक पूर्ण सेशन मुलांशेजारी बसा, शक्य असेल तर स्वतः एक पात्र घ्या. कोण कोणाला बोलू देतं, कोणी नको म्हटल्यावर काय होतं आणि "माझं पात्रच तसं आहे" हे ऐकल्यावर डंजन मास्टर काय करतो, एवढं बघा. मग काय तो निर्णय घ्या.