करोल बागेतली जुनी बुलेट

दिल्लीच्या करोल बागेत जुन्या बुलेटची दुकाने ओळीने आहेत. लडाखला निघालेले तरुण इथेच गाडी शोधतात. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या या गाडीचा ठोका भल्याभल्यांना भुलवतो. पण वाचकहो, घामाचा पैसा आवाजावर उधळू नका. आधी इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. चोरीची निघाली तर गाडीही जाते, पैसाही. परराज्यात न्यायला फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला २९ व ३० लागतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, तेही पाहा. मग थंड इंजिनाला स्वतः किक मारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जुन्या मॉडेलचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, हे ध्यानात ठेवा. पुढे ऑइल, चेन आणि ब्रेक वेळेवर पाहिलेत, तर गाडी घरच्या माणसासारखी साथ देईल.