नायटा

गेले दोन शनिवार इथे सामसूम होती. रिलीज वगैरे काही नव्हतं. पहिल्या शनिवारी आईला घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो, आणि दुसऱ्या शनिवारी घरातले सगळे टॉवेल, चादरी, माझ्या जीन्स आणि आईचे परकर गरम पाण्यातून काढून मे महिन्याच्या उन्हात वाळत घालत होतो. दोन्हीचं कारण एकच, नायटा. गजकर्ण म्हणा, दाद म्हणा, रिंगवर्म म्हणा. विषय जरा 'हा' आहे, त्यामुळे जेवता जेवता वाचत असाल तर आधी डबा संपवून या.

सुरुवात गेल्या जुलैत झाली. नवीन मंडळींसाठी माझा रोजचा रूट: मुलुंडहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, चकाल्याला उतरून एमआयडीसीपर्यंत शेअर रिक्षा, मग हापिस. पावसाळ्यात यातल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर माणूस भिजतोच. मग ती ओली जीन्स तशीच अंगावर ठेवून नऊ-दहा तास एसीत बसायचं आणि परत येताना घाटकोपरच्या पुलावर घामाने पुन्हा भिजायचं. आठवड्याभरात जांघेत खाज सुटली. रुपयाएवढा लाल चट्टा, कडेला बारीक पुरळ, मधे जरा साफ.

आता ही गोष्ट सांगायची कोणाला? ताप आला, पाठ धरली की आपण गावभर सांगतो. जांघेतली खाज मात्र आपण स्वतःलाही नीट सांगत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर केमिस्टकडे गेलो तर काउंटरवर दोन कॉलेजच्या मुली उभ्या. त्या जाईपर्यंत मी उगाच खोकल्याच्या गोळ्या बघत बसलो. मग आवाज बारीक करून म्हटलं, "खुजली के लिए कुछ दो ना." त्याने वरसुद्धा न बघता एक ट्यूब सरकवली. "दो टाइम लगाओ, दो दिन में साफ."

आणि खरंच सांगतो, दोन दिवसांत साफ! पहिल्याच रात्री खाज गायब. इतकं चोख काम करणारं सॉफ्टवेअर मी आजवर लिहिलेलं नाही.

दहा दिवसांनी परत आली. परत ट्यूब, परत साफ. पुढच्या वेळी सहा दिवसांनी, मग तीन. दिवाळीपर्यंत चट्टा तळहाताएवढा झाला, दुसऱ्या बाजूलाही उगवला. मार्चपर्यंत मांड्यांवर उतरला. दिसायलाही विचित्र, रिंगच्या आत रिंग, तिच्या आत अजून एक, लाकडाच्या ओंडक्यावरच्या वर्तुळांसारखी. मधे एकदा कुठल्या तरी गोळ्याही दोन आठवडे घेतल्या. पण ट्यूब चालूच होती, कारण एक दिवस नाही लावली तर डेली कॉलवर खुर्चीत बसवेना. कॅमेरा बंद ठेवायचो. मॅनेजरला वाटत होतं मी इंटरव्ह्यू देतोय.

आमच्या टीममध्ये एका महाभागाने एकदा काय केलं होतं, सर्व्हरची डिस्क भरत आली की रात्री अलर्ट यायचा आणि साहेबांची झोपमोड व्हायची, म्हणून अलर्टच बंद करून टाकला. पुढे काय झालं ते कोणीही सांगेल. मी त्याला वर्षभर चिडवत होतो आणि त्याच वर्षभरात स्वतःच्या कातडीवर अगदी तेच करत होतो.

कारण त्या ट्यूबमध्ये काय होतं ते मी नऊ महिन्यांनी वाचलं. आपण लोक फुकटच्या लायब्ररीचं लायसन्स वाचतो, अंगाला फासायच्या मलमाच्या मागचं बारीक अक्षर वाचत नाही. त्यात बुरशीचं एक औषध होतं, एक अँटिबायोटिक होतं आणि क्लोबेटासॉल प्रोपिओनेट होतं. हे शेवटचं स्टेरॉइड. त्वचेला लावायच्या स्टेरॉइडमधल्या सगळ्यात तीव्र गटातलं.

म्हणजे बघा, नायटा ही बुरशी आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन ती जगते. शरीर तिच्याशी लढतं. खाज, लाली आणि पुरळ ही त्या लढाईची खूण. बुरशी कडेकडेने पुढे सरकते, मधला भाग शांत होतो, म्हणून ते कडं दिसतं. स्टेरॉइड काय करतं, तर लढणारं सैन्य झोपवतं. आवाज बंद, म्हणजे आपल्याला वाटतं शांतता झाली. बुरशी निवांत पसरते. डॉक्टर लोकांना हे नवीन नाही. स्टेरॉइडमुळे ओळखू न येणाऱ्या नायट्याला 'टिनिया इनकॉग्निटो' हे नाव १९६८ सालीच दिलेलं आहे. वेष पालटून फिरणारा नायटा! आणि माझ्या त्या रिंगच्या आतल्या रिंगाही स्टेरॉइड लावणाऱ्यांमध्ये दिसणारी ओळखीची गोष्ट निघाली.

शेवटी एप्रिलमध्ये मुलुंडमधल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. फोनवर त्यांच्या रिसेप्शनिस्टने सांगितलं, यायच्या आधी आठ दिवस काहीही लावू नका. ते आठ दिवस कसे काढले ते लिहीत नाही. अलर्ट परत चालू झाले आणि सगळे एकदम आले, एवढंच.

डॉक्टर साठीच्या असतील. मी "थोडं रॅश आहे" वगैरे पुटपुटत होतो, त्यांनी दिवा लावला, हातमोजे घातले आणि म्हणाल्या, "लाजू नका, माझ्याकडे दिवसाला पंधरा येतात." मग बोथट पात्याने कडेची खपली खरवडली, काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून विचारलं, "बघायचंय?" बघितलं. फिकट, फाटे फुटलेले धागे. वर्षभर जिच्याशी भांडलो ती पहिल्यांदा दिसली. कोणी तरी नीट बघितलं आणि मला दाखवलं, यानेच निम्मं बरं वाटलं. खोटं नाही सांगत.

मग प्रश्न. किती ट्यूबा झाल्या? (अकरा. सांगताना मलाच घाम फुटला.) ॲसिडिटीची गोळी घेता का? मी चाट पडलो. आयटीत राहून कोण घेत नाही! त्यांनी इट्राकोनाझोल कॅप्सूल लिहून दिली होती. ती पोटात शोषली जायला आम्ल लागतं. रोज सकाळी आम्ल मारायची गोळी घेतली तर ही महागाची कॅप्सूल बरीचशी तशीच निघून जाते. म्हणजे ती बंद, आणि कॅप्सूल भरल्या पोटीच. सोबत साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम. चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर, कारण न दिसणारी बुरशी तिथे असते.

जाता जाता त्यांनी मांडीच्या आतल्या बाजूच्या लालसर जांभळ्या रेघांवर बोट ठेवलं. मला वाटत होतं खाजवल्याच्या खुणा आहेत. "हे स्टेरॉइडचं आहे. इथली त्वचा पातळ झालीय. बुरशी जाईल. रेघा फिकट होतील, पण जाणार नाहीत."

आणि शेवटचा प्रश्न, "घरात अजून कोणाला?"

"नाही," मी म्हटलं. अगदी ठामपणे.

घरी आलो ते ट्यूब फेकायच्या इराद्याने. बाथरूमच्या कपाटात होती. आदल्याच आठवड्यात नवी आणली होती, एक-दोनदा लावली असेल, मग आठ दिवस हात लावलेला नाही. ट्यूब चपटी होती. नुसती चपटी नाही, शेपटाकडून गुंडाळत आणलेली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. आमच्या घरात टूथपेस्टची ट्यूब अशी गुंडाळणारा एकच प्राणी आहे.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"आई, तुला कधीपासून आहे?"

"काय?"

मी ट्यूब दाखवली. तिने मेथीची जुडी परत हातात घेतली. "होळीपासून असेल. कमरेला. नाडी बांधतो ना तिथे."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

यावर काय बोलणार. दोघांचे कपडे एका मशीनमध्ये, ओले टॉवेल एका दांडीवर. मी तिला बुरशी दिली, आणि वर बुरशी वाढवायचं मलमही कपाटात ठेवून दिलं. मधे तिने टाकळ्याच्या पाल्याचा रसही लावून बघितला होता म्हणे. ती मूळची कोकणातली, पावसात टाकळ्याची भाजी केल्याशिवाय राहत नाही. आयुर्वेदात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्न असंही. दद्रु म्हणजे नायटाच. म्हणजे आपल्याकडे हा रोग इतका जुना की भाजीचं नाव त्याच्यावरून पडलंय. बाजारातून टाकळा मागून आणताना तिला लाज वाटली नाही, मुलाला सांगताना वाटली.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून वाचत बसलो. आपण एकटे नाही हे कळून बरं वाटावं की वाईट, ते ठरवता येईना. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायट्याची जी लाट आली तिला आपल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ साली एका लेखाच्या मथळ्यात 'ग्रेट इंडियन एपिडेमिक' म्हटलंय. पूर्वी टर्बिनाफाइनच्या गोळ्यांनी नायटा दोन-तीन आठवड्यांत जायचा, आता अनेकांचा जात नाही. बुरशीला स्वतःच्या पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, आणि टर्बिनाफाइन तो बनवणारं एक एन्झाइम अडवतं. या नव्या बुरशीत त्या एन्झाइमच्या जनुकातलं एखादंच अक्षर बदललेलं असतं. ३९७ क्रमांकाच्या जागी फेनिलअॅलनिनऐवजी ल्यूसिन येतं आणि औषध चिकटतच नाही. एका कॅरेक्टरचा बदल आणि पॅच निकामी. व्यावसायिक आदर वाटला, काय करणार :)

२०२० साली जपानी संशोधकांनी या बुरशीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. आपल्या देशाचं नाव लावून ती आता जगभर हिंडतेय. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांच्या देशातल्या पहिल्या. त्यातली एक बांगलादेशला जाऊन आली होती, दुसरीने परदेश प्रवासच केलेला नव्हता. दुसरीला टर्बिनाफाइनने काही फरक पडला नाही, इट्राकोनाझोलने पडला. म्हणजे न्यूयॉर्कमधल्या त्या बाईची आणि मुलुंडमधल्या आमच्या मातोश्रींची कॅप्सूल एकच.

ट्यूबांचं प्रकरण तर अजून जुनं. २०११ साली देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड मलम लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. केमिस्टने, मैत्रिणीने, वहिनीने. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वेगळा टास्क फोर्स काढला, सरकारकडे खेटे घातले. २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचखाली आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. मी अकरा ट्यूबा त्यानंतर कित्येक वर्षांनी घेतल्या आहेत. एकदाही चिठ्ठी मागितली गेली नाही. केमिस्टवर राग काढायला मी तयार होतो, पण मुलुंडहून सकाळी निघून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला त्याच्याइतकं लवकर भेटणारं दुसरं कोण आहे? तज्ज्ञांची वेळ मिळवायला मला रजा टाकावी लागली. आणि खरं तर मलाही तेच हवं होतं, काही न विचारता मिळणारं काहीतरी.

असो. आईला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या. तिच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीशी हे औषध जुळत नाही, म्हणून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ती बदलली. मला सांगितलं कपडे वेगळे धुवा, जीन्सच्या शिवणीवर इस्त्री फिरवा, टॉवेल प्रत्येकाचा स्वतःचा. आईला सांगितलं, "नाडी जरा सैल बांधा आणि रोज थोडी जागा बदलून." आई लाजली नाही. उलट घरी येताना रिक्षात म्हणाली, "किती नीट बघितलं नाही बाईंनी?"

परवा कॅप्सूल आणायला गेलो त्याच केमिस्टकडे. पुढे माझ्याच वयाचा एक जण, गळ्यात आयकार्ड, पाठीला लॅपटॉप. इकडे तिकडे बघून त्याने आवाज बारीक केला. ट्यूब सरकली. मी म्हटलं, "भाऊ, ती घेऊ नको, त्यात स्टेरॉइड आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याची चड्डी ओढली. ट्यूब खिशात टाकून स्टेशनकडे पळाला. केमिस्ट मला म्हणाला, "आपका क्या था साहब?" मी मोठ्या आवाजात इट्राकोनाझोल मागितली. दोन पट्ट्या, एक माझी, एक आईची.

जेवणानंतर दोघं बरोबरच घेतो. आईचं म्हणणं आता खाज नाही, बंद करू या. डॉक्टरांनी सांगितलंय, साफ दिसल्यावर अजून दोन आठवडे. मी फ्रीजवर कॅलेंडर लावलंय, ती रोज फुली मारते. मधे एक फुली आधीच मारून ठेवलेली सापडली, तेव्हापासून मी पट्टी मोजतो.