दीडशे रुपयांचा रणगाडा

तुमच्याही माळ्यावर एखादी बंद पडलेली वस्तू असेलच. टॉर्च म्हणा, रेडिओ म्हणा, नाहीतर बॅटरीवरचा फवारणी पंप. "गेला" म्हणायचं आणि वर टाकायचं, ही आपली रीत. नक्की काय गेलं, ते मात्र कुणी उघडून बघत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आमचे मालक कांदा घेऊन सोलापूरला गेले आणि येताना जुन्या बाजारातून रिमोटवर चालणारा खेळण्यातला रणगाडा घेऊन आले. किंमत दीडशे रुपये. वळसंगला आणून सेल घातले तर ढिम्म हलेना. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात दोन किलो तेल तरी आलं नसतं का?" तेल काही येत नाही आता तेवढ्यात, पण त्यांचं बोलणं रास्त होतं.

आणला तो धाकट्यासाठी. तो सातवीत आहे. त्या पावसाळ्यात कडबा कुट्टीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण यंत्राचा आवाज आला की पोरगा उठून बाहेर जायचा. पिठाच्या गिरणीची पायरीसुद्धा चढेना. शेतकऱ्याच्या घरात यंत्राला भिऊन कसं भागायचं?

विजेच्या कामात मी अगदी नवखी. पण वीस वर्षं शिलाई मशीन चालवते, त्यामुळे स्क्रू आणि तेलाचा थेंब यांची ओळख आहे. म्हटलं, बघू उघडून. पोराला म्हणाले, तू फक्त स्क्रू सांभाळ. त्याने ताटात खडूने रणगाडा काढला आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवत गेला. ही युक्ती त्याची, माझी नव्हे.

आता शोधायचं कसं? विहिरीवर मोटार सुरू आहे आणि शेवटच्या वाफ्यात पाणी नाही, तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो, कुठे फुटलंय ते बघतो. विजेचंही तसंच. सुरुवात सेलपासून केली. चार पेन्सिल सेलची खोबण. जुना सेल आतच पाझरून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर बसला होता. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसाने पुसलं, कोरडं केलं, काचकागद फिरवला. डावा पट्टा फिरू लागला!

उजवा हलेना. मोटार नुसतीच घुरघुरत होती, म्हणजे वीज पोचत होती आणि अडलं होतं पुढेच. दातेरी चाकामागे दांड्याला दोरा आणि केस घट्ट गुंडाळलेले. शिवणाऱ्या बाईला दोरा कुठे अडकतो ते सांगावं लागत नाही. सुईने काढला, मशीनचं तेल एक थेंब दांड्याला लावलं.

चालू झाला, पण दोन हातांच्या पलीकडे गेला की थांबे. रिमोटच्या लहरी पकडणारी आतली तार मुळाशी तुटली होती. जवळचं ऐकायचं, लांबची हाक नाही, असं झालं होतं. गावात मोटारी भरून देणाऱ्या भाऊंकडे गेलो. दुकानात मोटार सुरू होती. पोरगा दारात थांबला. भाऊ म्हणाले, "तार धरायला कुणी नाही, ये की." तो आला. डाव्या हाताच्या तीन बोटांत त्याने तार धरली आणि भाऊंनी कथलाचा डाग दिला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

रणगाड्याला वळणारी पुढची चाकं नसतात. मग वळतो कसा? कुळव बांधाशी आला की आपण एक बैल थोपवतो, दुसरा हाकतो, तसाच. एक पट्टा थांबतो, दुसरा चालतो. पोराने विचारलं, चाकांऐवजी पट्टा कशाला? आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर घालणाऱ्याला हे कळेल. पट्ट्यामुळे वजन रुंद जागेवर पसरतं, गाडी रुतत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे ट्रॅक्टर रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली चाकांच्या जागी पट्टे बसवून पाहिले. पहिल्या महायुद्धात अशा ट्रॅक्टरांनी तोफा ओढल्या. इंग्लंडमधला पहिला रणगाडा १९१५ साली तयार केला तो लिंकन गावच्या मळणीयंत्रं बनवणाऱ्या कारखान्याने. गुपित फुटू नये म्हणून त्याला पाण्याची टाकी म्हणत. म्हणून नाव पडलं टँक. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये रणगाडे प्रथम लढाईत उतरले. शेतातली वस्तू कुठे जाऊन पोचली पाहा! अहिल्यानगरला लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. उन्हाळ्यात तिथे न्यायचं कबूल केलंय.

एक सांगून ठेवते. हल्लीच्या काही खेळण्यांत लिथियमची बॅटरी असते. ती फुगलेली दिसली तर टोचू नका, चार्जिंगला लावू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, पेट घेते.

कुट्टीजवळ तो अजून जात नाही, आम्हीही पाठवत नाही. गिरणीत मात्र परवा डबा घेऊन गेला, दळण होईपर्यंत आत उभा होता. रणगाड्याची तोफ अजून फिरत नाही; तिच्या चाकाचे दोन दात तुटलेत. तसं चाक जुन्या घड्याळात मिळेल, असं त्याचं म्हणणं आहे आणि सासूबाईंनी आपलं घड्याळ उशाखाली ठेवलंय.